कोविडकाळातली अमेरिकी विद्यापीठांची फी परत: ईमेल आला, पुढे काय?

पाटीपेन्सिल

स्प्रिंग २०२०चं सत्र अमेरिकेत काढलेल्या अनेकांच्या इनबॉक्समध्ये 'आपण या दाव्यातील क्लासचे सदस्य असू शकता' अशा सुरुवातीचा ईमेल येऊन पडलेला असतो (इथे क्लास म्हणजे ज्या सगळ्यांच्या वतीने एकत्र दावा लावलाय तो गट). मार्चच्या मध्यावर कॅम्पसला कुलूप, उरलेलं सत्र झूमवर, फी मात्र पुरती वसूल. मग दावे लागले आणि तडजोडी झाल्या. कोलंबियाने २०२१मध्ये सव्वा कोटी डॉलर मान्य केले. त्यानंतर कॉर्नेल ३० लाख, डेलावेअर ६३ लाख, जॉर्ज वॉशिंग्टन ५४ लाख, पेन स्टेट १ कोटी ७० लाख, अशी रांगच लागली.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो: झूमवरचं शिकवणं निकृष्ट होतं हे कोर्टांना पटलं, म्हणून हे पैसे सुटले. आता प्रश्न. ईमेल खरा की खोटा हे कसं ओळखायचं? फॉर्म भरावा लागतो की आपोआप मिळतात? भारतात परतलेल्यांनी डॉलरचा चेक वटवायचा कसा? आणि माणशी नेमके किती हाती पडतात?

उंटावरचा

सव्वा कोटी ऐकून हुरळून जाऊ नका. आधी भागाकार करा.

कलम_अडतीस

पाटीपेन्सिल, प्रश्न रास्त आहेत, पण मताशी असहमत. शिकवणं निकृष्ट होतं असा निकाल या दाव्यांतून आलेला नाही, येणारही नव्हता. शिक्षणाचा दर्जा मोजायला अमेरिकी कोर्टं बसतच नाहीत. एखाद्या प्राध्यापकाने वाईट शिकवलं म्हणून भरपाई मागणारा दावा तिथे फार पूर्वीपासून दारातच अडवला जातो. अभ्यासक्रम कसा असावा आणि शिकवणं कसं असावं हे ठरवणं न्यायाधीशाचं काम नव्हे, अशी त्यामागची भूमिका.

म्हणून वकिलांनी दर्जाचा 'द'सुद्धा न काढता दावे कराराच्या भाषेत लिहिले. माहितीपुस्तिका, फीचं पत्रक, नोंदणीची अट, वर्गखोल्यांचे क्रमांक छापलेलं वेळापत्रक, कॅम्पसच्या अभ्यासक्रमाला एक दर आणि त्याच विद्यापीठाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला दुसरा, कमी दर. हे सगळं एकत्र ठेवलं तर 'प्रत्यक्ष वर्ग देऊ' असा न लिहिलेला करार दिसतो, असा युक्तिवाद. जोडीला दुसरं कलम असतं ते अनाठायी लाभाचं: सेवा दिली नाही तर त्या सेवेचे पैसे ठेवून घेऊ नयेत.

यावर अपिली कोर्टांत (तिकडे विभागवार फेडरल अपिली कोर्टांना 'सर्किट' म्हणतात) दोन्ही तऱ्हेचे निकाल आहेत. मार्च २०२२मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या सर्किट कोर्टाने जॉर्ज वॉशिंग्टन आणि अमेरिकन युनिव्हर्सिटीविरुद्धचे दावे पुन्हा जिवंत केले. त्याच वर्षी सातव्या सर्किटने शिकागोच्या लोयोलाबाबत आणि पाचव्याने बेलरबाबत तसंच केलं. २०२३मध्ये तिसऱ्या सर्किटने पिट्सबर्ग आणि टेम्पलबाबत. उलट मायामी विद्यापीठ अकराव्या सर्किटमध्ये जिंकलं, पेस आणि येल दुसऱ्या सर्किटमध्ये जिंकले.

येलचं प्रकरण मुद्दाम वाचण्यासारखं आहे. त्यांच्या नियमावलीत आधीपासून एक कलम होतं: आणीबाणीत कामकाज तात्पुरतं थांबवता येईल आणि परतावा द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे विद्यापीठ आपल्या विवेकाने ठरवेल. खेळ तिथेच संपला. साथ सगळीकडे तीच होती, झूम तेच होतं. कागदावरचा मजकूर वेगळा निघाला.

मोरावळा

म्हणजे एकाला पैसे आणि दुसऱ्याला ठेंगा, आणि दोघांनीही तेच कंटाळवाणे चौकोन बघितले. छान.

पण मला ट्यूशन आणि फी यांतला घोळ समजावून सांगा. आपण दोन्हीला फीच म्हणतो.

कलम_अडतीस

मोरावळा, तिकडच्या सत्राच्या बिलात हे वेगळे रकाने असतात. ट्यूशन म्हणजे क्रेडिटचे, म्हणजे शिकवणीचे पैसे. फी म्हणजे बाकीची भेळ: व्यायामशाळा, आरोग्य केंद्र, विद्यार्थी उपक्रम, तंत्रज्ञान, बस.

फीच्या दाव्यात विद्यापीठाची बाजू लंगडी असते. व्यायामशाळेची फी घेतली आणि दाराला टाळं लावलं, तर 'सेवा दिली' हे म्हणायचं कसं? कोलंबियाच्या बाबतीत फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायाधीशांनी ट्यूशनचा दावा फेटाळला, कारण प्रत्यक्ष वर्गाचं ठोस वचन कुठे सापडेना. फीचा दावा मात्र चालू ठेवला. त्याच वर्षअखेर तडजोड झाली. म्हणून तडजोडीचा करार वाचताना पहिलं हे बघायचं की कोणते दावे मिटवताहेत. फक्त फी असेल तर वाटा बिलातल्या फीच्या ओळींवरून निघतो आणि रक्कम आणखी छोटी होते.

विद्यापीठं वसतिगृह आणि मेसचे पैसे बहुतेक ठिकाणी २०२०च्या वसंतातच दिवसांच्या हिशेबाने परत करून बसली होती. त्यामुळे ते सहसा या तडजोडींत नसतात.

गणिती कावळा

उंटावरच्यांनी भागाकार करायला सांगितलाय, करतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, कुठल्याही एका विद्यापीठाचे नाहीत.

एकूण निधी ५०,००,००० डॉलर. वकिलांची फी साधारण एक तृतीयांश मागितली जाते: १६,६६,६६७. उरले ३३,३३,३३३. नोटिसा धाडणं, वेबसाइट, चेक छपाई, टपाल, हे बघणारी जी प्रशासक कंपनी असते तिचे धरा १,५०,०००. दाव्यावर ज्यांची नावं आहेत त्या चार विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५,०००, म्हणजे २०,०००. राहिले ३१,६३,३३३. क्लासमध्ये २०,००० विद्यार्थी असतील तर माणशी १५८ डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साडेतेरा हजारांच्या आसपास.

हा वाटा समान असेलच असं नाही. काही करारांत सरळ समान भाग, काहींत प्रत्येकाने त्या सत्रात खिशातून जेवढे भरले त्या प्रमाणात. दुसऱ्या पद्धतीत पूर्ण फी भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याचा वाटा वरचढ ठरतो, कारण त्याला राज्याचा रहिवासी म्हणून सवलत नसते. नोटिशीत 'वाटपाची योजना' नावाचा परिच्छेद असतो, तिथे हे लिहिलेलं असतं. बाकीची पंधरा पानं नाही वाचली तरी तो परिच्छेद वाचा.

सुपारीफोड्या

थोडक्यात, वकील लाखोपती आणि विद्यार्थ्याला एका सेमिस्टरच्या पुस्तकाचे पैसे. तेही अर्ध्या पुस्तकाचे. ही न्यायाची पद्धत आहे का?

कलम_अडतीस

@सुपारीफोड्या, दुसरा पर्यायही बघा. १५८ डॉलरसाठी एकटा माणूस फेडरल कोर्टात जाईल? तिथे नुसती दावा दाखल करायची फीच चारशेच्या पुढे. शिवाय वकिलांची फी न्यायाधीशाला मान्य व्हावी लागते, ती कापलीही जाते. आणि तडजोड झाली नसती तर वकिलाच्या हाती भोपळा आला असता. येल आणि पेसच्या दाव्यांत तोच आला.

इंडियानाने २०२१मध्ये नेमकी याच दुखऱ्या नसेवर पट्टी आवळली. कोविडमुळे झालेल्या अशा मागण्यांसाठी क्लास म्हणून एकत्र दावा करता येणार नाही, एकेकट्याने या, असा कायदा केला. बॉल स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये तो कायदा उचलून धरला. एकेकट्याने कोण जाणार? मॅसॅच्युसेट्सने तर २०२३मध्ये मागच्या तारखेपासून लागू होणारी तरतूद करून विद्यापीठांना संरक्षण दिलं आणि मार्च २०२४मध्ये पहिल्या सर्किटने बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या प्रकरणात ती घटनेत बसते असं सांगितलं. फ्लोरिडानेही २०२१मध्ये असं कवच दिलं. त्यामुळे 'अमुक विद्यापीठाने दिले, मग तमुक का देत नाही' याचं उत्तर पुष्कळदा राज्याच्या नकाशात असतं.

उंटावरचा

कायदा मागच्या तारखेपासून आणि परतावा पुढच्या तारखेला.

जर्सीतली काकू

पाटीपेन्सिल, ईमेल खरा की खोटा यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

खऱ्या नोटिशीत चार गोष्टी असतातच: कोर्टाचं पूर्ण नाव, दाव्याचा क्रमांक, क्लासची व्याख्या आणि तीन तारखा (क्लासमधून बाहेर पडण्याची, हरकतीची, अंतिम सुनावणीची). फेडरल कोर्टातला क्रमांक साधारण असा दिसतो: १:२०-सीव्ही- आणि पुढे पाच आकडे. त्यातला २० म्हणजे दावा २०२०मध्ये दाखल झाला. तो क्रमांक ईमेलमधल्या लिंकवर न जाता स्वतः शोधायचा. 'कोर्टलिसनर' या मोफत संकेतस्थळावर बरेच कागद मिळतात. तिथे नसेल तर कोर्टांचं अधिकृत 'पेसर' आहे. तिथे पानाला १० सेंट पडतात, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर झाला तर बिलच येत नाही. तडजोडीला कोर्टाने दिलेल्या प्राथमिक मंजुरीचा आदेश उघडला की त्यात प्रशासक कंपनीचं नाव आणि तडजोडीच्या वेबसाइटचा पत्ता असतो. ईमेलमधला पत्ता त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवायचा.

पैसे मिळण्यासाठी आधी 'प्रक्रिया शुल्क' भरा असं म्हणणारा ईमेल तिथेच कचऱ्यात टाका. नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी खरी प्रशासक कंपनी विचारत नाही. ईमेलमध्ये एक सदस्य क्रमांक आणि पिन येतो, त्यानेच वेबसाइटवर आत जाता येतं. तेवढा जपून ठेवा, पुढे पत्ता बदलायला, चेक परत मागायला, सगळीकडे तोच लागतो.

अडचण अशी की नोटीस विद्यापीठाच्या नोंदीतल्या ईमेलवर जाते. तो कॉलेजचा पत्ता पदवीनंतर कधीच बंद झालेला असतो.

पाटीपेन्सिल

काकू, दंडवत. मग ईमेल पोचलाच नाही तर माणूस बाहेर फेकला जातो का?

जर्सीतली काकू

नाही, उलट. व्याख्येत बसता म्हणजे तुम्ही आत आहात, नोटीस पोचो न पोचो. काहीच केलं नाही तरी तुम्ही क्लासमध्ये राहता आणि स्वतंत्र दावा करायचा हक्क मिटतो. बाहेर पडायचं असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत तसं लेखी कळवावं लागतं. बाहेर पडणाऱ्याला हरकत घेता येत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. नुसते वकील महाग वाटतात म्हणून बाहेर पडू नका; त्यासाठी आत राहून हरकत नोंदवायची सोय आहे.

फॉर्म लागतो की नाही हे प्रत्येक करारात वेगळं. या विद्यापीठांच्या तडजोडींत पुष्कळदा फॉर्म लागत नाही, कारण कोणी किती भरले हे विद्यापीठाच्या वहीत आहेच. न काही करता चेक शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर जातो. फॉर्म फक्त पत्ता बदलायला किंवा चेकऐवजी ऑनलाइन पैसे हवेत हे सांगायला. माजी विद्यार्थी संघाच्या पोर्टलवर पत्ता बदलून भागत नाही. यादी एकदा प्रशासकाकडे गेली की तिथेच बदलावा लागतो.

साखरभात

शेवटचा नोंदलेला पत्ता म्हणजे २०२०मध्ये चौघांत भाड्याने घेतलेला फ्लॅट. त्या घरात आता सहावा भाडेकरू राहत असेल आणि चेकवर पिझ्झाचं कूपन ठेवून दोन्ही टाकून देत असेल.

घाटवाट

आपल्याकडच्या एमएस आणि पीएचडीवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. टीए किंवा आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात सहायक) असताना ज्यांची ट्यूशन माफ होती, म्हणजे वेव्हर होता, त्यांनी जास्त आशा ठेवू नये. व्याख्येत बहुतेक वेळा 'ज्यांनी किंवा ज्यांच्या वतीने ट्यूशन किंवा फी भरली गेली' असे शब्द असतात आणि लगेच खाली अपवाद: विद्यापीठानेच ज्यांची पूर्ण रक्कम माफ केली ते वगळून. वेव्हर ट्यूशनचा असतो, फीचा सगळीकडे नसतो. तुमच्या त्या सत्राच्या बिलात फीच्या ओळींखाली खिशातून भरलेली रक्कम दिसत असेल तर फीपुरता वाटा निघू शकतो.

बिल कुठे बघायचं? विद्यार्थी खात्याचं सत्रनिहाय स्टेटमेंट. लॉगिन बंद झालं असेल तर बर्सरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या फी विभागाच्या, कार्यालयाला लिहून मागता येतं. १०९८-टी नावाचा कर फॉर्म जुन्या ईमेलमध्ये असेल तर त्यावर वर्षभराची रक्कम दिसते, सत्राची नाही, म्हणून तो या कामाला अर्धवट.

आणखी दोन अपवाद सर्रास असतात. जे आधीपासूनच पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमाला होते ते बाहेर. ज्यांनी कॅम्पस बंद व्हायच्या आधीच प्रवेश सोडला तेही बाहेर.

रच्याकने, सदर्न न्यू हॅम्पशायर हे ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठीच ओळखलं जाणारं विद्यापीठ. त्यांनीही साडेबारा लाख डॉलर दिले, अर्थातच कॅम्पसवरच्या मुलांना. ऑनलाइन विकून मोठे झाले आणि ऑनलाइन दिलं म्हणून अडकले.

साखरभात

माझा भाबडा प्रश्न: फी बाबांनी भरली, घर गहाण बाबांनी टाकलं. चेक कोणाच्या नावाने?

कलम_अडतीस

मुलाच्या. एका आईने न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीवर दावा लावला होता. २०२३मध्ये दुसऱ्या सर्किटने सांगितलं की विद्यार्थी सज्ञान आहे, करार त्याचा आणि विद्यापीठाचा, पैसे भरणारी आई त्या करारात पक्षकार नाही. विद्यार्थिनीला मात्र दाव्यात यायला वाट दिली.

उंटावरचा

बाबांना सांगू नका. कोकणातल्या घराच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, तोवर अमेरिकेतल्या चेकवर कोणाचं हा वाद नको.

वेताळटेकडी

आता डॉलरचा चेक. हा भाग नीट लिहितो, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच बुडतात.

चेक येतो तेव्हा टपालातल्या जाहिरातीसारखा दिसतो: दुमडून डिंकाने चिकटवलेलं पोस्टकार्डाएवढं जाडसर पत्रक, तीन बाजूंना फाडायच्या छिद्रांच्या रेघा, वर विद्यापीठाचं नाव नसतंच, 'सेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेटर' आणि एक पोस्ट बॉक्स. आत चेक, त्यावर बारीक अक्षरात वैधतेची मुदत, ९० ते १८० दिवसांच्या दरम्यान काहीतरी. मुदत छापलेल्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हाती पडल्यापासून नाही. अमेरिकेतून पुण्याला टपाल यायला तीन आठवडे लागले तर तेवढे गेले.

भारतातल्या बँकेत हा चेक 'कलेक्शन'ला द्यावा लागतो. बँक तो परदेशातल्या आपल्या प्रतिनिधी बँकेकडे पाठवते, तिथून वटून आल्यावर पैसे जमा. यात आठवडे जातात, दोन्हीकडचे आकार कापले जातात आणि कित्येक शाखा असे चेक हल्ली घेतच नाहीत. १५८ डॉलरच्या चेकमध्ये निम्मे आकारातच गेले तर नवल वाटून घेऊ नका. म्हणून चेक निघायच्या आधीच ऑनलाइनचा पर्याय निवडणं हाच खरा उपाय.

पर्यायांतही खाचखळगे. झेल आणि व्हेन्मो या तिकडच्या पैसे पाठवायच्या ॲपना अमेरिकेतलं बँक खातं लागतं. भारतातलं पेपाल खातं परदेशी ग्राहकांकडून मालाचे किंवा सेवेचे पैसे घ्यायला आहे, असा परतावा त्यात अडकतो. आभासी प्रीपेड कार्ड मिळत असेल तर ते ऑनलाइन खरेदीला चालतं, पण त्याचीही मुदत संपते. अमेरिकेतलं जुनं खातं जिवंत असेल तर तेच सर्वांत सोयीचं: थेट जमा निवडा. चेकच आला असेल तर बँकेच्या ॲपमधून फोटो काढून भरता येतो. मागे सही आणि खाली 'फॉर मोबाइल डिपॉझिट ओन्ली' लिहा, नाहीतर पुष्कळ बँका परत पाठवतात. काही ॲप परदेशातून हे करू देत नाहीत.

चेक मित्राच्या नावे मागे लिहून त्याच्या खात्यात भरायचा जुना उद्योग सहसा यशस्वी होत नाही. दोन सह्यांचा चेक दिसला की ॲप नकार देतं, शाखेतही हुज्जत.

मोरावळा

लग्नानंतर नाव बदललं असेल तर?

वेताळटेकडी

चेक जुन्या नावाने निघतो. खात्यावर दोन्ही नावं असतील तर प्रश्न नाही. नसतील तर चेक न वटवता प्रशासकाकडे पुन्हा काढून द्यायची विनंती करायची, सोबत नाव बदलल्याचा पुरावा: विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, त्याची इंग्रजी प्रत. मुदत संपण्याच्या आत विनंती पोचली पाहिजे. आपल्या नावांत वडिलांचं नाव मधे असतं, त्याचाही गोंधळ होतो. पासपोर्टवरच्या नावाने विद्यापीठात नोंद असल्याने चेकवर लांबलचक नाव आणि बँकेत आखूड. तेवढ्यावरून बँक सहसा अडवत नाही, पण आडनाव वेगळं असेल तर अडवतेच.

न वटलेल्या चेकचे पैसे कुठे जातात तेही करारात असतं. कधी वटवलेल्यांना दुसरा हप्ता, कधी विद्यार्थी मदतनिधीला किंवा शिष्यवृत्तीला, कधी एखाद्या धर्मादाय संस्थेला. विद्यापीठाच्या तिजोरीत परत जाणार असतील तर ती हरकत घेण्यासारखी गोष्ट आहे.

सुपारीफोड्या

एवढं सगळं १५८ डॉलरला? वेळेचं मोल काढलं तर उलट आपणच देणं लागू.

गणिती कावळा

पत्ता बदलून थेट जमा निवडायला दहा मिनिटं. मिनिटाला सोळा डॉलर पडतात, भाऊ.

पाटीपेन्सिल

:D बरं, टॅक्स? तिकडे २०२०चं विवरण भरलेल्यांना आता सुधारावं लागतं का?

गणिती कावळा

एफ-वनवर (विद्यार्थी व्हिसावर) अनिवासी म्हणून विवरण भरलं असेल तर शिक्षणाचं क्रेडिट, म्हणजे शिक्षणखर्चावरची करसवलत, मिळालेलंच नसतं, त्यामुळे परत करण्याजोगंही काही नाही. ज्यांनी निवासी म्हणून अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट घेतलं त्यांच्यासाठी: ते क्रेडिट पहिल्या २,००० डॉलरवर पूर्ण आणि पुढच्या २,००० वर २५ टक्के, म्हणून कमाल २,५०० डॉलर. त्यासाठी ४,००० डॉलरचा खर्च पुरतो. वर्षाची ट्यूशन समजा २०,००० होती आणि १५८ परत आले, तर खर्च १९,८४२ उरतो, म्हणजे ४,०००च्या वरच. क्रेडिट हललं नाही. खर्च आधीच ४,०००च्या आसपास किंवा खाली होता, तर मात्र फरक पडतो. लाइफटाइम लर्निंग क्रेडिटचं गणितही तसंच, फक्त तिथे मर्यादा १०,००० आणि दर २० टक्के.

दुपारची झोप

अवांतर, पण विचारतेच. आपल्याकडे असं का नाही झालं? इथेही कॉलेजांनी लायब्ररी, जिमखाना, प्रयोगशाळा सगळ्याचे पैसे घेतले होते.

कलम_अडतीस

झालं, पण वेगळ्या वाटेने. शाळांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०२१ला राजस्थानच्या खासगी शाळांच्या प्रकरणात २०२०-२१च्या वार्षिक फीमध्ये १५ टक्के कपात करायला सांगितलं. शाळा बंद असल्याने वाचलेल्या खर्चाचा तो ढोबळ अंदाज. महाराष्ट्र सरकारने १२ ऑगस्ट २०२१च्या शासन निर्णयाने २०२१-२२साठी १५ टक्के कपात लावली. उच्च शिक्षणात यूजीसीने २०२०-२१च्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशांसाठी ३० नोव्हेंबर २०२०पर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत आणि ३१ डिसेंबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून परत, असं ठरवलं. पण ते प्रवेश सोडणाऱ्यांसाठी. बसून ऑनलाइन शिकलेल्यांसाठी नव्हे.

एकत्र दाव्याची सोय आपल्याकडेही आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १ नियम ८ आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये एकसारखं हित असलेल्या अनेक ग्राहकांची एकत्र तक्रार. अडतं ते 'विद्यार्थी ग्राहक आहे का' या प्रश्नावर. जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने शैक्षणिक संस्था तेव्हाच्या, म्हणजे १९८६च्या, ग्राहक कायद्याखाली येत नाहीत असं म्हटलं आणि त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२०मध्ये दाखल करून घेतलं. मोजून त्याच वर्षी.

घाटवाट

ब्रिटनमध्येही वेगळंच. तिथे विद्यार्थी ग्राहक आहे हे कायद्यानेच मान्य, पण आपोआप क्लासमध्ये पडत नाही. सामूहिक दाव्यात स्वतः नाव नोंदवावं लागतं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनविरुद्धच्या अशा दाव्यात जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाने आधी वाटाघाटी करा म्हणून आठ महिन्यांपर्यंत काम थांबवलं होतं. अमेरिकेचा नियम तिथे लावून 'मी काही केलं नाही तरी येतील' म्हणून बसलात तर काही येणार नाही.

जर्सीतली काकू

वेळेबद्दल एक राहिलं. 'मंजुरी मिळाली' अशी बातमी वाचून लोक दुसऱ्या दिवसापासून टपालपेटी बघतात. ती पुष्कळदा प्राथमिक मंजुरी असते. मग नोटिसा, मग हरकतींची मुदत. राज्यांच्या महाधिवक्त्यांना तडजोडीची सूचना गेल्यावर ९० दिवस जाईपर्यंत फेडरल कोर्टाला अंतिम मंजुरी देता येत नाही, हे २००५च्या कायद्यात आहे. अंतिम मंजुरीनंतर अपिलासाठी ३० दिवस. कोणी हरकतदार अपिलात गेला तर सगळंच लांबतं. त्यामुळे बातमीपासून चेकपर्यंत सहा महिने सुखरूप गेले तर पटकन झालं म्हणायचं.

पाटीपेन्सिल

कलम_अडतीस, मूळ मुद्द्यावर येतो. दर्जा मोजलाच नाही, तर ट्यूशनमधला किती भाग परत हा आकडा आला कुठून? काहीतरी मोजल्याशिवाय डेलावेअरचे ६३ लाख कसे ठरतात?

कलम_अडतीस

चांगला प्रश्न. मोजला तो दर्जा नाही, बाजारभाव. विद्यार्थ्यांच्या बाजूचे अर्थतज्ज्ञ 'कॉन्जॉइंट' नावाची पाहणी करतात: लोकांपुढे एकाच पदवीचे वेगवेगळे संच ठेवायचे, एकात कॅम्पस आहे, दुसऱ्यात ऑनलाइन, किमती वेगवेगळ्या, आणि निवडीवरून कॅम्पससाठी लोक किती जास्त मोजतील ते काढायचं. तो फरक गुणिले बंद पडलेल्या सत्राचा हिस्सा, म्हणजे मार्चच्या मध्यापासून सत्रअखेरपर्यंत. विद्यापीठाचा तज्ज्ञ उलट सांगतो की कॅम्पस आणि ऑनलाइनला बाजारात तोच दर लागला असता, मग नुकसान शून्य. शिवाय पदवी मिळाली, क्रेडिट मिळाले, मग गमावलं काय?

या दोन टोकांच्या मधे, हरण्याची शक्यता आणि खटल्याचा खर्च वजा जाऊन, जो आकडा दोघांनाही गिळवतो तो तडजोडीत लिहितात. आणि करारात विद्यापीठ न चुकता एक परिच्छेद घालतं: आम्ही काहीही चूक मान्य करत नाही.

पाटीपेन्सिल

मग माझं मत मागे. पैसे सुटले, चूक कोणीच मान्य केली नाही.

मोरावळा

आमच्या सोसायटीच्या बिल्डरचं पत्र याच भाषेत असतं. फक्त सोबत चेक नसतो.

वेताळटेकडी

जाता जाता: चेकची मुदत उलटून गेली तरी एकदा प्रशासकाला सदस्य क्रमांकासकट लिहून बघा. निधी पूर्ण वाटून खातं बंद होईपर्यंत काही वेळा पुन्हा काढून देतात. ईमेलच्या विषयात दाव्याचं नाव आणि 'रीइश्यू' एवढेच शब्द लिहा, पूर्ण हकीकत नको. तिथे बसलेल्या माणसाला फक्त क्रमांक, जुनं नाव, नवा पत्ता आणि पैसे कोणत्या मार्गाने हवेत एवढंच लागतं.